दोन लिप्या, एक कागद: बेळगावात बसून केलेलं डिझाइन

शाईवाला

मंडळी, मागे लोगोच्या एका धाग्यावर कुणीतरी सहज विचारलं होतं, "गावाकडच्या डिझायनरला प्रेरणा मिळते कुठून? पिंटरेस्टच ना?" तिथे उत्तर लिहायला घेतलं ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी बेळगावच्या शहापुरात एका खोलीत काम करतो. लग्नपत्रिका, कुंदा आणि करदंट या इथल्या मिठायांचे बॉक्स, शाळांच्या स्मरणिका, गणेश मंडळांचे फलक, वर्षाकाठी एखाददुसरं मुखपृष्ठ. पुरस्काराला पाठवावं असं यात फारसं काही नसतं. पण इथे जवळजवळ प्रत्येक कागदावर देवनागरी आणि कानडी शेजारी शेजारी बसवावी लागते, आणि हे काम पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही. बरेच जण त्याला ओझं समजतात. एक लिपी नटवायची, दुसरी उरलेल्या कोपऱ्यात कोंबायची, की झालं. मला विचाराल तर खरं डिझाइन त्या कोपऱ्यातच चालू होतं.

एका पत्रिकेचं सांगतो. मुलीकडचे खानापूरचे मराठी, मुलाकडचे गोकाकचे कानडी. नेहमीचा सोपा रस्ता म्हणजे एका घडीवर "आमचे येथे श्रीकृपेकरून", दुसऱ्या घडीवर कानडी मजकूर. या घरच्यांना मात्र पत्रिका उघडल्यावर दोन्ही भाषा एकाच वेळी दिसायला हव्या होत्या. बसा आता.

पहिली अडचण म्हणजे देवनागरी शिरोरेषेला लटकते. मात्रा, रफार, अनुस्वार सगळं वरच्या मजल्यावर. "चि. सौ. कां." एवढं लिहिलं तरी डोक्यावर गर्दी. कानडीचा सगळा पसारा खाली. जोडाक्षर आलं की दुसरं व्यंजन पहिल्याच्या पायाशी जाऊन बसतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. रफाराची तर गंमतच आहे. "मुहूर्त" लिहिताना आपला रफार त च्या डोक्यावर, त्यांचा अर्कावत्तू त च्या उजव्या हाताला. त्यामुळे कानडी ओळ वर आणि मराठी ओळ खाली घेतली तर वरचे पाय आणि खालची डोकी एकमेकांत अडकतात. मराठी वर घेतली तर दोघींच्या मधला पट्टा आपसूक मोकळा राहतो. आता वर कोण आणि खाली कोण हा प्रश्न आमच्या भागात लगेच भलत्या वळणाला जातो, म्हणून मी शेवटी दोन स्तंभ घेतले आणि ओळींमधलं अंतर कानडीच्या हिशेबाने ठेवलं. मराठी थोडी सैल दिसली, पण बिघडली नाही. उलट केलं असतं तर कानडीचा श्वास कोंडला असता.

दुकानांच्या पाट्यांना ही पळवाट नाही. कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात फलकाचा साठ टक्के भाग कानडीला आणि तोही वरच्या बाजूला द्यावा लागतो. म्हणजे पाय आणि डोकी भिडणार हे ठरलेलंच. मग मध्ये एक जाड रेघ किंवा रंगाचा पट्टा टाकतो. गणपत गल्लीतून फिरताना वर बघत चला, कुणी हा पट्टा टाकलाय आणि कुणी तसंच दामटलंय ते लगेच कळेल.

दुसरी अडचण काळेपणाची. एकाच पॉइंट साइजला आपल्या काना-दंडाच्या उभ्या रेघा आणि शिरोरेषा मिळून मजकूर गडद दिसतो. कानडी गोल, मोकळी, आडवी पसरणारी. डोळे बारीक करून बघितलं की मराठीचा डाग काळा आणि कानडीचा राखाडी. मग कानडी एक पायरी जाड करायची आणि रुंदी किंचित आवळायची. "अनेक" नावाचा फाँट २०२२ मध्ये आला तेव्हापासून हे काम सुसह्य झालंय. नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, सगळं एकाच घराण्यातलं, शिवाय जाडी आणि रुंदी दोन्ही सरकवता येतात. फुकट आहे. मुंबईच्या एक टाइपवाल्यांचं काम.

याच पत्रिकेतून पुढे एक पोस्टर मालिका निघाली, ती कुणी सांगितलेली नव्हती. आपल्या भागातल्या गावांची नावं. निपाणी मराठीत सरळ आहे, कानडीत प च्या खाली प. चिकोडी आणि हुक्केरीच्या कानडी नावांत क खाली क. सवदत्ती आणि कित्तूरला त खाली त. प्रत्येक पोस्टरवर नुसतं नाव, दोन्ही लिप्यांत, आणि खाली बसलेलं ते एक छोटं अक्षर वेगळ्या रंगात. सवदत्तीचं अर्थात यल्लम्माच्या भंडाऱ्याच्या पिवळ्यात. निपाणीला तंबाखूच्या गावाचा मान म्हणून बिडीच्या कट्ट्यावरच्या जुन्या लेबलासारखी चौकट काढली: मध्ये लंबगोल, चार कोपऱ्यांत वेलबुट्टी, खाली फीत. त्या लेबलांत जेवढं सुंदर अक्षरकाम झालंय तेवढं आज हजारो रुपये घेऊन कुणी करत नाही, हे माझं प्रामाणिक मत.

सध्या हातात कॅलेंडर आहे. त्यासाठी किल्ल्यातल्या कमल बस्तीचं कमळ काढतोय. १२०४ सालची रट्ट राजांच्या काळातली ही जैन बस्ती, म्हणजे मंदिर, आणि छतातल्या त्या उलट्या कमळाला बहात्तर पाकळ्या. मी आधी सगळ्या एकाच वर्तुळात घेऊन बघितल्या, पाच-पाच अंशांवर एक. नुसता चक्रीचा दातेरी काठ दिसायला लागला. मग तीन फेऱ्या केल्या, प्रत्येकीत चोवीस. भूत, वर्तमान आणि भविष्यातले चोवीस-चोवीस तीर्थंकर हा त्या बहात्तरांमागचा हिशेब सांगतात, त्यामुळे तीन फेऱ्या अर्थालाही धरून झाल्या. दगडात सावली फुकट मिळते, कागदावर ती काढावी लागते. मी काढली नाही. फक्त रेघेची जाडी आतून बाहेर कमी करत नेली.

माणसांचं विचाराल तर यादी मोठी आहे. कमल शेडगे यांच्या नाटकांच्या जाहिराती, ज्यात नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते हसवणार की रडवणार ते कळायचं. मोडीचं वळण आजच्या अक्षरांत आणणारे अच्युत पालव. र. कृ. जोशी तर आमच्यासारख्यांचे दुहेरी गुरू. विंडोजमधला देवनागरीचा मंगल आणि कानडीचा तुंगा हे दोन्ही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. संगणकावरच्या त्या साध्या, कुणी नीट न बघितलेल्या फाँटांत आमचा सीमाभाग कधीच एकत्र बसलेला आहे.

तुमच्याकडे काय चाललंय? छपाईतले, पाटीवाले, रांगोळीवाले, सगळ्यांनी लिहा.

सीमावासी

लई भारी. खरं फोटो कुठं आहेत ओ? एवढं लिहिलंय आणि एक चित्र न्हाई.

शाईवाला

पत्रिकेचे टाकत नाही, घरच्यांची नावं आहेत त्यात. पोस्टरं टाकतो रात्री.

खिळेजुळारी

धागा वाचून हात शिवशिवले. मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवलेत, खडेबाजाराजवळच्या एका छापखान्यात. आमच्याकडे मराठीची केस, म्हणजे खिळ्यांची खणाखणांची पेटी, एका भिंतीला आणि कानडीची समोरच्या भिंतीला. दोन्ही जुळवणारा एकच माणूस फार क्वचित मिळायचा, कारण हाताला घरं पाठ असावी लागत. डोळे मजकुरावर आणि हात आपोआप त्या घरात. दोन केसांची घरं एका हाताला पाठ होणं म्हणजे पेटी आणि तबला एकट्यानं वाजवणं.

तुम्ही म्हणता ती पाय-डोक्याची भानगड तेव्हा दिसायची नाही, कारण खिळा म्हणजे शिशाचा ठोकळा, एकाचा पाय दुसऱ्याच्या हद्दीत जाऊच शकत नाही. कानडीचं ओत्तक्षर त्याच ठोकळ्यात बसवलेलं असलं की वरचं मूळ अक्षर लहान करावं लागे. मराठीत अखंड टाइप असला तर मात्रेसकट अक्षराचा एकच खिळा, मग केसची घरं वाढत जायची. ओळी सैल करायला मध्ये शिशाच्या पट्ट्या. पाहुणे जास्त आणि कागद लहान असला की मालक सांगायचा, "पट्ट्या काढ." तेव्हाच पत्रिका कुरूप व्हायची. आता तुम्ही माउसनं काढता, एवढाच फरक.

आणि ट्रेडलवर, म्हणजे खिळ्यांच्या त्या मशीनवर, छापलेल्या पत्रिकेच्या मागून बोट फिरवा. अक्षर हाताला लागतं. ऑफसेटला ते सुख नाही.

कोरलकन्या

धागा छान आहे, पण जमिनीवर या जरा. मी चिकोडीला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. रात्री दहाला वाढदिवसाचा फ्लेक्स सांगतात आणि सकाळी सहाला चौकात लागलेला हवा असतो. वर साहेबांचा फोटो, मध्ये वाढदिवसवाला गॉगल लावून, खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस जणांचे गोल फोटो, आणि प्रत्येकाला वाटतं आपलं डोकं शेजारच्यापेक्षा मोठं हवं. त्यात कानडीचा काळेपणा कुठे बघत बसू?

शिवाय अर्धा मजकूर येतो व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये, अर्धा जुन्या फायलींतून श्रीलिपीच्या फाँटात, कानडी नुडीच्या. कॉपी करून चिकटवलं की "श्री" चं काहीतरी भलतंच. परवा एका देवस्थानच्या फलकावर देवीचंच नाव फुटलं होतं. नशीब, छपाईआधी दिसलं. यावर उपाय सांगा, कमळाच्या पाकळ्या नंतर मोजू.

शाईवाला

कोरलकन्याताई, तुमचा राग रास्त आहे. क्रमाने सांगतो.

श्रीलिपी आणि नुडीच्या जुन्या फायली म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रं. तो फाँट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या की फुटणारच. कन्व्हर्टरमधून युनिकोडला आणा, पण आणल्यावर रफार, "ऱ्य" आणि ऱ्हस्व वेलांटी हे तीन डोळ्यांनी तपासाच. वेलांटी जुन्या फाँटात अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे बऱ्याच कन्व्हर्टरांचा पाय तिथेच घसरतो. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. फोटोशॉपमध्ये तोच पर्याय टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये असतो. आणि प्रिंटला देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्या, म्हणजे त्यांची आकृती होते, फाँट पाठवायची भानगड नको.

आणखी एक बारकावा. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीवाल्या फाँटात दोन्ही वेगळे येतात, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना पत्रिका "कायतरी परकी" वाटते, का ते सांगता येत नाही. तिरो देवनागरी या फाँटचा मराठीसाठी वेगळा अवतार आहे आणि त्याच घराण्यात तिरो कानडीही आहे. पुस्तकी, शांत कामाला ही जोडी उत्तम. फ्लेक्सला नको, तिथे मराठीला बालू आणि कानडीला बालू तम्मा घ्या. गुबगुबीत आहेत, लांबून वाचता येतात.

चाळीस डोक्यांवर माझ्याकडे उपाय नाही. सगळी गोलं एकाच मापाची ठेवा आणि "मशीन मोठं घेत नाही" म्हणून सांगा.

कोरलकन्या

हाहा, मशीनवर ढकलायची आयडिया वापरते. ल-श चं माहीत नव्हतं, आता सगळीकडे तेच दिसूलालंय.

हुक्केरीचा

माझी घरची भाषा कानडी, शाळा मराठी. त्यामुळे दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितो.

शाईवाले, तुमचं बाकी सगळं पटलं, पण "कानडी एक पायरी जाड करायची आणि रुंदी आवळायची" हे वाचून दचकलो. कानडीत द आणि ध, प आणि फ यांत फरक फक्त पायाशी असलेल्या एका बारीक चिरेचा. थ च्या पोटात एक टिंब, ते नसेल तर वाचणारा द वाचणार. जाड करून वरून आवळलं की ती चीर बुजते आणि टिंब पोटाला चिकटतं. मोठ्या स्क्रीनवर तुम्हाला ते स्वच्छ दिसतं, स्वस्त कागदावर शाई पसरली की गेलं. माझ्या मावसभावाच्या पत्रिकेत नवरीचं नाव असंच भलतं वाचलं गेलं. मांडवात त्यावर हसणारे सगळे कानडी वाचणारे होते. मराठीकडच्यांना पत्ताच नव्हता.

कानडीला गोलाई आहे ती ताडपत्रावर लेखणीने कोरायच्या दिवसांपासूनची, असं सांगतात. ती दाबून तुमच्या उभ्या रेघांच्या मापात बसवायची कशाला? काळेपणा जुळवायचाच असेल तर मराठी हलकी करा. ती सडपातळ झाली तरी वाचता येते.

शाईवाला

हा मुद्दा वजनदार आहे. मोठ्या अक्षरात मी अजूनही कानडी जाडच घेईन, शीर्षकात चीर बुजत नाही. पण मजकुराच्या मापाला तुमचं म्हणणं बरोबर, तिथे देवनागरीच लाइट घ्यायला हवी. रुंदीबद्दल एवढंच सांगतो की मी अक्षर ओढून आवळत नाही, फाँटमध्येच आखलेली अरुंद घडण घेतो, त्यात चिरेची जागा राखलेली असते. कोरलड्रॉमध्ये कडेचा चौकोन धरून दाबणारे वेगळे. त्यांच्यासाठी दंडविधान हवं.

सरळसोट

मुळात बेळगावात पत्रिकेत कानडी घालायचीच कशाला, हा माझा प्रश्न आहे.

शाईवाला

कारण अर्धे पाहुणे गोकाकचे आहेत आणि त्यांना लग्नाला यायचंय.

धागापाल

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, ती चर्चा तिकडे करावी. इथे अक्षरं, रंग आणि कागद.

इरकलवाली

रंगांवर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, शाईवाले. आमच्या वडगावला माग अजून ऐकू येतात. इरकलीचा लाल पदर, त्यावरचे पांढरे पट्टे, गुळेदगुड्डच्या खणाचे काठ. ही आपल्या डोळ्यांना बसलेली रंगसंगती आहे, आणि तरी मिठाईचे सगळे बॉक्स लाल-सोनेरी ग्रेडियंटमध्ये का येतात?

दुसरं, हल्ली जो तो कसूती, म्हणजे इकडचं भरतकाम, घेऊन "पिक्सेल आर्ट" म्हणून बॉक्सवर छापतो. माझी आजी कसूती काढायची. कापडावर आधी काहीही आखायचं नाही, धागे मोजून टाके. गवंती आणि मुरगी टाक्यांना उलटी बाजूच नसते, दोन्हीकडून सारखं दिसलं पाहिजे. नेयगी विणकामासारखी, मेंथी म्हणजे फुल्या, जिथे भरीव हवं तिथे. चौकोन भरून रंगवले की ती मेंथी होते, आणि मग गोपुर, रथ, पालखी सगळंच जड, ठोकळ्यासारखं. मुरगीची पायरी-पायरीने जाणारी एकेरी रेघ कुणीच घेत नाही. आणि तुळशीवृंदावन मिठाईच्या बॉक्सवर छापून तो बॉक्स शेवटी उकिरड्यावर जातो, हे मला बरं वाटत नाही. जुन्या वळणाची म्हणा हवं तर.

शाईवाला

जुन्या वळणाच्या नाही, बरोबर आहात. करदंटाच्या एका बॉक्सला मी मुरगीच घेतली होती, फक्त पायऱ्यांची रेघ, चारही बाजूंनी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूलाही तीच. उलटी बाजू नसते ना, म्हणून. देवाचं काहीही घेतलं नाही. दुकानदार म्हणाला, "हत्ती तरी टाका हो, रिकामं वाटतंय." मग बाजूच्या पट्टीवर एक हत्ती गेला. तडजोड.

रंगांचं दुखणं वेगळं आहे. इरकलीचा तो वांगी रंग आणि मोरपंखी स्क्रीनवर झकास दिसतात, पण चार रंगांच्या ऑफसेटमध्ये येतच नाहीत. निळा आणि किरमिजी मिसळून जे जांभळं होतं ते चिखलाकडे झुकतं. रेशमाची चमक शाईत नाहीच. भंडाऱ्याचा पिवळा आणि कुंकवाचा लाल मात्र सहज येतात: भरपूर पिवळ्यात चिमूटभर किरमिजी टाकला की भंडारा, दोन्ही भरून घेतले की कुंकू. त्यामुळे लाल-पिवळ्याचा सुकाळ होतो, त्यात आळस आहेच पण शाईचाही दोष आहे. वांगी हवाच असेल तर स्क्रीन प्रिंटिंगला जायचं, तिथे रंग हाताने घोटून घेता येतो. खर्च वाढतो, म्हणून पत्रिकेला जमतं, बॉक्सला नाही.

इरकलवाली

आतल्या बाजूलाही मुरगी, हे आवडलं. हत्तीला माफ केलं.

आनगोळ_अण्णा

+१. वाचतोय.

टिळकवाडीकर

प्रेरणास्थानांत दोन नावं राहिली, आणि ती आपल्याच गावची, म्हणून लिहितो.

एक, रवी परांजपे. १९३५ साली बेळगावात जन्म, इथेच के. बी. कुलकर्णी यांच्याकडे चित्रकलेचे धडे, मग मुंबईची जाहिरात दुनिया, केनिया, आणि शेवटी पुणे. २०२२ मध्ये गेले. बोधचित्र आणि "खरी" चित्रकला यांत उच्च-नीच मानणाऱ्यांशी ते आयुष्यभर भांडले. तुम्ही सुरुवातीलाच "पुरस्काराला पाठवावं असं काही नसतं" लिहिलंत, ते त्यांना आवडलं नसतं. त्यांच्या इमारतींच्या चित्रांत ऊन कसं पडतं ते बघा. आणि के. बी. हे स्वतः काय ताकदीचे चित्रकार! मुंबईला न जाता इथे राहून त्यांनी पिढ्या घडवल्या.

दोन, किर्लोस्कर. लोकांना नांगर आणि पंप आठवतात. लक्ष्मणराव मुळात मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेलेले, पुढे तिथल्याच व्हीजेटीआयमध्ये यंत्रांचं ड्रॉइंग शिकवायचे, आणि १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढच्या पिढीतले शंकरराव स्वतः चित्रकार. त्यांनी १९२० मध्ये कारखान्याचं बातमीपत्र म्हणून "किर्लोस्कर खबर" काढलं, त्याचं पुढे मासिक झालं. मालाची जाहिरात, मुखपृष्ठ आणि मजकूर एका हाताखाली ठेवायची दृष्टी मराठीत त्यांच्याइतकी लवकर फार थोड्यांना आली. किर्लोस्कर रोडवरून रोज जातो आपण, आणि डिझाइनची परंपरा शोधायला पिंटरेस्टवर.

अवांतर: चित्रकार दीनानाथ दलालही आपल्या शेजारचेच, गोव्याचे. १९४५ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या "दीपावली" अंकाची मुखपृष्ठं आमच्या घरी जपून ठेवलेली असत.

शाईवाला

टिळकवाडीकर, परांजप्यांचा तो टोला मान्य. किर्लोस्करांना या नजरेने मी बघितलंच नव्हतं. ड्रॉइंग मास्तरने नांगर करावा हे डिझाइनच की.

सीमावासी

शिवजयंतीच्या चित्ररथांवर कायतरी लिहा की. रात्रभर उभं राहून बघणारे आम्ही.

शाईवाला

त्यावर वेगळा धागा लागेल. तिथे अक्षराचं काम थोडं आणि माणसांचं, उजेडाचं, पडद्यांचं जास्त. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अफजलखानाचा शामियाना उभा करणाऱ्या पोरांना मी डिझायनर म्हणतो, ते स्वतःला कार्यकर्ते म्हणतात. एवढंच सांगतो की अंधारात, हलत्या गाडीवर वाचायची पाटी असेल तर पिवळ्यावर काळी अक्षरं आणि शिरोरेषेच्या वर-खाली भरपूर मोकळी जागा. लाल अक्षरं हॅलोजनखाली खलास होतात.

कोरलकन्या

कॅलेंडर कशावर छापणार? आर्ट पेपर घेऊ नका. माझ्या सासूबाई दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर लिहितात, चकचकीत कागदावर बॉलपेन चालत नाही, आणि चाललंच तर बोटाने पुसतं.

शाईवाला

मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा कागद, जरा जाड. कमळाच्या बारीक रेघा आर्ट पेपरवर जास्त ठसठशीत आल्या असत्या, पण दुधाचा हिशेब आधी. चौकटीत तारीख डाव्या वरच्या कोपऱ्यात ढकलतोय, म्हणजे खाली खाड्यांना जागा राहील. तिथी दोन्ही लिप्यांत.

टिळकवाडीकर

तिथ्या जुळतील का? उत्तरेकडच्या पंचांगांत महिना पौर्णिमेला संपतो.

हुक्केरीचा

इथे काही अडचण नाही. मराठी आणि कानडी दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो, शकही शालिवाहनच. आपला पाडवा त्याच दिवशी आमची उगादी. एकच चौकट, दोन नावं. मी तर म्हणतो जानेवारीपासून काढूच नका, चैत्रापासून काढा. जानेवारीची कॅलेंडरं बँका फुकट वाटतात, त्यांच्याशी कशाला स्पर्धा?

शाईवाला

चैत्र ते फाल्गुन, ठरलं. छापखानाही जानेवारीच्या गर्दीतून मोकळा असतो, दर बरा मिळेल. हुक्केरीचे, कानडी तिथींचं प्रूफ तुम्ही बघणार असाल तर चैत्राचं पान रविवारपर्यंत पाठवतो. द-ध च्या चिरा भिंगाखाली धरून बघा.

हुक्केरीचा

पाठवा. पीडीएफ नको, छापील प्रत पाठवा, त्याच मॅपलिथोवर. स्क्रीनवर मी काहीच पास करणार नाही.

खिळेजुळारी

मराठीचं मी बघतो. एक प्रत मलाही.